वन्संना जिद्द नव्हती का?

बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. निमित्त नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आळसही होता. पण गेल्या रविवारपासून एक प्रश्न डोक्यातून जात नाहीये. म्हटलं, लिहूनच टाकावं.

झालं असं, की आमच्याकडे चामटोलीत दहावी-बारावीच्या मुलांचा गुणगौरव होता. गुलाबाचं फूल, वह्यांचा संच, शेवटी वडे आणि चहा. "दोन शब्द" बोलायला मला उभं केलं. मी निवृत्त माणूस, चार पुस्तकं वाचतो, काहीबाही लिहितो, त्यामुळे मला बरंच काही कळतं अशी गावाची समजूत आहे. (ती किती खरी आहे हे इथल्या वाचकांना ठाऊक आहेच!) मी मुलांना प्रांजल पाटील यांची गोष्ट सांगितली आणि शेवटी आवाज जरा चढवून म्हणालो, "बाळांनो, जिद्द असेल तर जगात काहीही अशक्य नाही!" टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी पाठ थोपटली. मीही खूष.

घरी येताना आई बरोबर होती. वय ऐंशीच्या पुढे, पण अजून हातात काठी धरायला तयार नाही. रस्त्याने काही बोलली नाही. ओट्यावर बसून चपला काढता काढता म्हणाली, "बोललास छान. पण एक सांग, मग आमच्या वन्संना जिद्द नव्हती का रे?"

मला उत्तर देता आलं नाही. हा लेख म्हणजे ते उत्तर शोधायचा प्रयत्न आहे. आमच्या नात्यातली काही मंडळी हे वाचतात, त्यांना थोडं टोचेल. मलाही टोचलं आहे.

आधी प्रांजल पाटील यांच्याविषयी, कारण त्या आमच्याच बाजूच्या, उल्हासनगरच्या. वयाच्या सहाव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली. दादरच्या कमला मेहता अंध शाळेत त्या ब्रेलवर, मराठीतून शिकल्या. बारावी उल्हासनगरच्या चांदीबाई कॉलेजातून केली. पुढे मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये राज्यशास्त्र घेऊन बी.ए. त्यासाठी रोज उल्हासनगर ते सीएसटी लोकलचा प्रवास. ज्यांनी हा प्रवास केला आहे त्यांना मी काय सांगू! डोळे असलेल्या माणसाचाही सकाळच्या गाडीत जीव मेटाकुटीला येतो. त्यांनी मुलाखतींमधून सांगितलं आहे, की रस्ता ओलांडून देणारी, गाडीत चढायला हात देणारी माणसं भेटत होती. आणि "एवढ्या लांब कशाला शिकायला जातेस?" असं विचारणारीही भेटत होती.

झेवियर्सनंतर दिल्लीला जेएनयू. तिथे एम.ए., एम.फिल. आणि पुढचं संशोधन. अभ्यास कॉम्प्युटरवर, पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या 'जॉज' नावाच्या सॉफ्टवेअरच्या मदतीने. यूपीएससीची २०१५ ची परीक्षा दिली, २०१६ साली निकाल लागला, ७७३ वा क्रमांक. भारतीय रेल्वे लेखा सेवा मिळाली. म्हणजे रेल्वेच्या हिशेबाचं काम. आणि इथे गाडी अडली. शंभर टक्के अंधत्व आहे म्हणून रेल्वेने त्यांना घेतलं नाही.

जी मुलगी वर्षानुवर्षं त्याच रेल्वेच्या गर्दीतून कॉलेजला गेली, तिला रेल्वेने सांगितलं की तुला हिशेब तपासता येणार नाहीत.

त्यांनी परत परीक्षा दिली. या वेळी १२४ वा क्रमांक आला, आणि त्या थेट आयएएस झाल्या. देशातल्या पहिल्या दृष्टिहीन महिला आयएएस अधिकारी म्हणून त्यांची ओळख आहे. केरळ केडर मिळालं. २०१८ मध्ये एर्नाकुलमला सहायक जिल्हाधिकारी, ऑक्टोबर २०१९ मध्ये तिरुवनंतपुरमच्या उपजिल्हाधिकारी.

ही गोष्ट मी मुलांना सांगितली. त्यातला एकही शब्द खोटा नाही. तरी आईच्या प्रश्नानंतर मला वाटायला लागलं की मी ती गोष्ट उलटी सांगितली.

आता आत्याविषयी.

माझ्या वडिलांची सर्वांत धाकटी बहीण. चार वर्षांची असताना तिला देवी आल्या. जीव वाचला, डोळे गेले. तेव्हा गावोगाव अशी माणसं असत, चेहऱ्यावर वण आणि डोळ्यांत पांढरं. देशातून देवीचा रोग हटल्याचं १९७७ मध्ये जाहीर झालं. पण ज्यांचे डोळे आधीच गेले होते त्यांचं काय झालं हे कुणी जाहीर केलं नाही. ती आपापल्या घरांच्या मागच्या खोल्यांत राहिली.

आमच्या आत्याची खोली परसाकडची होती. एक खाट, एक ट्रंक, खुंटीला दोन लुगडी. तिला कधी उपाशी ठेवलं नाही, कधी कुणी हात उगारला नाही, हे मी शपथेवर सांगतो. आजी तर तिला जेवू घातल्याशिवाय स्वतः जेवत नसे. आमच्या घरात माया होती. त्यामुळेच हे लिहायला जड जातंय. क्रूर माणसांविषयी लिहिणं सोपं असतं.

आत्या तांदूळ निवडायची. बोटांनी खडा ओळखायची, आणि तिच्या हातून सुटलेला खडा कधी कुणाच्या दाताखाली आला नाही. तांदळाच्या भाकऱ्या तिच्याइतक्या पातळ आणि गोल आमच्याकडे कुणालाच जमत नसत, आईलाही नाही. (आई हे वाचून घेईल आणि कबूल करील!) रेल्वेची लाईन गावाजवळून जाते, त्यामुळे घड्याळाचं काम आत्याच करी. मालगाडी, मेल, लोकल हे तिला आवाजावरून कळे आणि त्यावरून ती वेळ सांगे. मी पाढे म्हणायला बसलो की दुसऱ्या खोलीतून चूक काढी. तिला पाढे कुणी शिकवले नव्हते. आम्ही भावंडं मोठ्याने घोकायचो, ते ऐकून तिचे पाठ झाले होते. तीसपर्यंत! माझे पंचवीसच्या पुढे कधी गेले नाहीत.

पण घरी पाहुणे यायचे म्हटलं की आत्याला शेजारी पाठवत. थोरल्या आत्यांची लग्नं व्हायची होती. मग चुलत बहिणींची. "घरात आंधळी पोर आहे" हे कळलं तर सोयरीक मोडेल ही भीती. रक्तातच काही असेल, पुढच्या पोरांत उतरेल, मागच्या जन्मीचं पाप असेल, असं काय काय लोक बोलत. देवीने गेलेले डोळे रक्तात कसे उतरणार? पण हे विचारणार कोण आणि कुणाला? एकेक लग्न पार पडत गेलं. मांडव परसापर्यंत पडला तरी आत्या कुठल्या मांडवात दिसली नाही. आतल्या खोलीत बसून अक्षता मात्र तिनेच निवडून, हळद-कुंकू लावून दिलेल्या असत.

आणि आता माझं. दुसऱ्यांचं सांगितलं, स्वतःचं लपवलं, असं नको.

मी सहावी-सातवीत असेन. बदलापूरच्या शाळेतला एक मित्र पहिल्यांदाच घरी आला होता. शहरातला, चांगल्या घरातला. आत्या भिंतीला हात लावत लावत ओटीवर आली. मित्राने विचारलं, "या कोण?" मी म्हणालो, "शेजारच्या आहेत."

आत्या जागच्या जागी थांबली. मग तशीच भिंत धरून परत फिरली. संध्याकाळी मला म्हणाली, "मित्र जेवून गेला का रे?" बस, एवढंच. त्यावर पुढे आमचं कधीच बोलणं झालं नाही. २००६ साली ती गेली.

तर आईचा प्रश्न. वन्संना जिद्द नव्हती का?

होती ना. बोटांनी खडे निवडणाऱ्या, ऐकून तीसपर्यंत पाढे पाठ करणाऱ्या बाईत जिद्द नव्हती असं कोण म्हणेल? मग नव्हतं काय?

शाळा नव्हती, असं मी पटकन म्हणणार होतो. पण तसंही नाही. ज्या शाळेत प्रांजल पाटील शिकल्या ती दादरची अंध मुलींची शाळा १९०० साली सुरू झालेली आहे. म्हणजे आत्या जन्मली तेव्हा ती शाळा जवळजवळ पन्नास वर्षांची होती. आणि बदलापूरहून दादरला गाडी तेव्हाही जात होती. तीच गाडी, जिच्या आवाजावरून आत्या आम्हाला वेळ सांगायची! शाळा होती, गाडी होती, मुलगी हुशार होती. पण तिला गाडीत बसवणारं कुणी नव्हतं. आजोबांना शाळेचं नाव माहीत नव्हतं, हे मान्य. पण त्यांनी कुणाला विचारलंही नाही. विचारायचं म्हणजे घरात अशी मुलगी आहे हे आधी सांगायला हवं. आणि तेच तर सांगायचं नव्हतं.

मंडळी, मला वाटतं सगळं इथे आहे. डोळे जाणं ही आपत्ती खरीच, पण ती एकदाच येते. लाज रोज येते. डोळ्यांनी आत्याचं दिसणं घेतलं. तिची शाळा, तिची लग्नघरं, तिची ओटी हे सगळं मात्र आम्ही घेतलं.

आता प्रांजल पाटील यांची गोष्ट मी पुन्हा सांगून बघतो, या वेळी सुलटी. त्यांच्या आईवडिलांनी मुलीला लपवलं नाही, शाळेत घातलं. शाळेने ब्रेल शिकवलं. गावातल्या कॉलेजने प्रवेश दिला. झेवियर्समध्ये दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी २००३ पासून खास केंद्र आहे. वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर कुणीतरी तयार केलं. परीक्षेत उत्तरं लिहून घ्यायला लेखनिक मिळाला. अनोळखी माणसांनी रस्ता ओलांडून दिला. एवढं सगळं झाल्यावर, आणि ते होत असताना, त्यांची जिद्द कामी आली. ती प्रचंड होती यात शंकाच नाही. रेल्वेने नकार दिल्यावर आणखी एकदा तोच डोंगर चढायला लागते ती जिद्दच, दुसरं काही नाही. माझा आक्षेप त्यांच्या जिद्दीवर नाही, माझ्या भाषणावर आहे. मी मुलांना सांगितलं की जिद्द असली की झालं. याचा दुसरा अर्थ असा होतो, की ज्यांचं झालं नाही त्यांच्यात ती नव्हती. माझ्या आत्यात नव्हती. आईच्या बरोबर लक्षात आलं ते.

आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. २०१६ आणि २०१७ च्या मधे त्यांच्या डोळ्यांत काही फरक पडला नव्हता. बुद्धीही तीच. ज्या अंधत्वामुळे रेल्वेच्या हिशेबाला त्या चालत नव्हत्या, त्याच अंधत्वासह त्या कलेक्टर कचेरीत बसून माणसांची गाऱ्हाणी ऐकायला लागल्या. म्हणजे अडचण डोळ्यांत नव्हतीच, ती समोरच्या टेबलावर होती. तरी आपण काय म्हणतो? "त्यांनी अंधत्वावर मात केली." अहो, अंधत्वावर कसली मात, ते तर तिथेच आहे! मात केली ती नकारावर. आणि नकार देणारे आपल्यातलेच असतात. हे वाक्य असं फिरवलं की टाळ्या जरा कमी पडतात, म्हणून बहुधा आपण फिरवत नाही.

आपल्या भाषेतच बघा ना. 'आंधळं दळतं कुत्रं पीठ खातं.' 'आंधळ्या-बहिऱ्यांची गाठ.' 'आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन.' एकाही म्हणीत आंधळा माणूस धड काम करताना दिसत नाही. नाहीतर मग एकदम दुसरं टोक, 'प्रज्ञाचक्षू'! विदर्भातले संत गुलाबराव महाराज तान्हेपणी अंध झाले, आणि जेमतेम ३४ वर्षांच्या आयुष्यात त्यांनी शेकड्यावर ग्रंथरचना केली. त्यांना तो शब्द शोभतो. पण आमच्या आत्यासारखी साधी माणसं कुठे बसवायची? ती कुत्र्याला पीठ खाऊ घालणारीही नव्हती आणि प्रज्ञाचक्षूही नव्हती. ती उत्तम भाकऱ्या करणारी, गणितात हुशार बाई होती. गेल्या काही वर्षांत 'दिव्यांग' शब्द आला. वाईट नाही. पण शब्द बदलून परसातली खोली ओटीवर येत नाही.

हे सगळं जुन्या काळचं झालं असं वाटत असेल तर बदलापूरहून कर्जतच्या बाजूला पुढचंच स्टेशन गाठा. वांगणी. तिथे दृष्टिहीन माणसांची कितीतरी कुटुंबं राहतात. मुंबईत भाडं परवडत नाही आणि लोकल दारात आहे, म्हणून ती एकेक करून इथे आली. बरीचशी माणसं लोकलमध्ये किचेन, पेन, कार्डाची पाकिटं असलं काहीबाही विकतात. मी इतकी वर्षं त्या गाड्यांतून गेलो. डब्यात त्यांचा आवाज आला की लोक काय करतात? वस्तू न घेता हातावर दोन रुपये ठेवतात. मीही ठेवले आहेत. माणूस धंदा करतोय आणि आपण त्याला भीक देतो. वर आपल्याला बरं वाटतं ते वेगळंच.

मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाली आणि या लोकांचं दुकानच बंद झालं. रोजची कमाई ज्या डब्यात, तो डबा यार्डात उभा. आणि स्पर्श टाळा म्हणणाऱ्या त्या दिवसांत, ज्यांचं सगळं जगच स्पर्शावर चालतं त्यांनी काय करायचं? हात धरून रस्ता ओलांडून द्यायलाही कुणी पुढे येईना.

त्यानंतर १७ एप्रिल २०२१ चा दिवस. वांगणी स्टेशनच्या दोन नंबर प्लॅटफॉर्मवरून एक दृष्टिहीन आई आपल्या सहा वर्षांच्या मुलाला घेऊन चालली होती. मुलाचा तोल गेला आणि तो रुळांवर पडला. समोरून उद्यान एक्सप्रेस येत होती. आईला काहीतरी भयंकर झालंय एवढंच कळत होतं, ती हातांनी प्लॅटफॉर्मची कड चाचपत होती. पॉइंट्समन मयूर शेळके रुळांवरून गाडीच्या दिशेने धावले, मुलाला वर ढकललं, आणि स्वतः कसेबसे वर चढले. पुढच्या क्षणी गाडी गेली. ते चित्रण आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. रेल्वेने त्यांना ५० हजारांचं बक्षीस दिलं, त्यातली निम्मी रक्कम आपण त्या मुलाच्या कुटुंबाला देणार असं त्यांनी जाहीर केलं.

मला त्या निम्म्या रकमेचं फार अप्रूप वाटतं. धावणं एका क्षणाचं होतं, त्याला विचार करायला वेळच नव्हता. पण निम्मे पैसे देताना त्यांनी विचार केला असणार. आज मूल वाचलं, उद्या घर कसं चालणार, असा. ज्या रेल्वेने पाच वर्षांपूर्वी एका दृष्टिहीन मुलीला नाही म्हटलं होतं, तिच्यातल्याच एका माणसाला ते कळलं. म्हणजे दोष रेल्वेचा किंवा सरकारचा म्हणून हात झटकता येत नाहीत. कुठल्याही कचेरीत, कुठल्याही घरात दोन्ही तऱ्हेची माणसं असतात. आपण कोणत्या तऱ्हेचे, एवढाच प्रश्न.

हे लिहिताना २०१९ चा पूर आठवला. २६ जुलैच्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मधे, आमच्याच शिवारात पाण्यात अडकली. हजाराच्या आसपास प्रवासी, चारही बाजूंनी उल्हास नदीचं पाणी. दुसऱ्या दिवशी एनडीआरएफच्या बोटी आल्या, नौदल आलं, गावातली माणसं धावली. सगळे प्रवासी सुखरूप बाहेर आले. त्या दिवशी टीव्हीवर आमच्या गावाचं नाव पहिल्यांदा झळकलं.

त्या गाडीतल्या माणसांना कुणी "जिद्द ठेवा" म्हणून भाषण दिलं का? पोहत बाहेर आलेल्या एखाद्याचा सत्कार करून बाकीच्यांना "बघा, त्याला जमलं, तुम्हाला का नाही?" असं कुणी विचारलं का? नाही. बोटी आणल्या. कारण ते प्रवासी आपल्यासारखे होते, आपणही त्या गाडीत असू शकलो असतो, हे सगळ्यांना दिसत होतं. आत्या मात्र पन्नास वर्षं तशाच पाण्यात बसली होती, आणि आम्हाला ती गाडीतली वाटलीच नाही.

आता कायदा आहे, हेही सांगितलं पाहिजे. १९९५ चा कायदा होता, त्यात सरकारी नोकऱ्यांत तीन टक्के जागा होत्या. २०१६ च्या कायद्याने त्या चार टक्के झाल्या, त्यातली एक टक्का दृष्टिहीन आणि अल्पदृष्टी असलेल्यांसाठी. उच्च शिक्षणात पाच टक्के. पण कायदा कागदावरून खाली उतरतो तो कुणीतरी ओढल्यावरच. रवी प्रकाश गुप्ता नावाचे दृष्टिहीन उमेदवार यूपीएससी पास होऊनही नेमणुकीसाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडले, तेव्हा २०१० साली निकाल त्यांच्या बाजूने लागला. आणि ३ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की दृष्टी नाही एवढ्या कारणावरून कुणाला न्यायाधीशाच्या पदासाठी अपात्र ठरवता येणार नाही. मध्य प्रदेशातला तसा नियम रद्द झाला. ते प्रकरण उभं राहिलं एका आईच्या पत्रावरून. तिचा मुलगा दृष्टिहीन. तिने सरळ सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं.

ही बातमी मी आईला वाचून दाखवली. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "सासूबाईंना लिहिता येत नव्हतं रे." त्या एका वाक्यात तिने आजीला माफही केलं आणि सोडलंही नाही, असं मला वाटलं.

नातेवाईक मंडळींना माझं एक सांगणं आहे. "घरातलं बाहेर कशाला काढलंस?" असा फोन येणार हे मला ठाऊक आहे. ज्यांच्या लग्नासाठी आत्याला लपवलं त्या बहिणी आज आज्या झाल्या, कुणाची सोयरीक आता मोडायची नाही. मग अजून कुणाला लपवायचं आहे? आणि आपल्यातल्या एका घरात आज एक मुलगा आहे, ज्याला नीट ऐकू येत नाही. त्याला मागच्या दिवाळीला "तो झोपलाय" म्हणून बाहेर आणलं नाही, हे मी पाहिलं आहे. नाव लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल. त्याला झोपवू नका, एवढंच हात जोडून सांगतो.

बाकी माझ्यापुरतं मी काय ठरवलं ते लिहितो, कारण नुसता उपदेश करणाऱ्यांचा मला स्वतःलाच कंटाळा आहे. लेखनिक म्हणून नाव द्यायचा माझा विचार होता, पण लेखनिक कोण असावा याचे नियम असतात आणि माझ्या वयाच्या माणसाला ते काम मिळेल असं वाटत नाही. पण पुस्तकं वाचून ती रेकॉर्ड करता येतात, आवाज अजून बरा आहे. लोकलमध्ये किचेन घेतलं तर किंमत विचारून, रंग निवडून घ्यायचं, आणि दोन रुपये जास्त द्यायचे नाहीत. रस्त्यात कुणा दृष्टिहीन माणसाला मदत करायची तर दंडाला धरून ओढायचं नाही, आधी विचारायचं आणि आपलं कोपर पुढे करायचं. आणि पुढच्या वर्षी गुणगौरवाला परत बोलावलं (या लेखानंतर शंकाच आहे!) तर मुलांना प्रांजल पाटील यांचीच गोष्ट सांगायची. फक्त शेवटचं वाक्य बदलायचं. "तुमच्यात जिद्द असो. पण तुमच्या शेजारच्याला ती किती लागावी, हे बरंचसं तुमच्यावर अवलंबून आहे."

तर आई, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. वन्संना जिद्द होती. आमच्यात नव्हती.

आणि शेवटची एक विनंती, पुन्हा नातेवाईकांनाच. या लेखाबरोबर आत्याचा फोटो लावायचा होता. रविवारपासून मी घरातले सगळे अल्बम काढून बसलोय. पाच लग्नं, दोन मुंजी, किती बारशी. आत्या कुठेच नाही. एका फोटोत दाराआड लुगड्याचा काठ दिसतो, आई म्हणते तो तिचाच. तुमच्यापैकी कुणाकडे, अगदी मागे उभी असलेली, अर्धी आलेली, कशीही असेल, पण तिची एखादी तसबीर असेल तर मला पाठवा. ओटीवर लावायची आहे. आणि कुणी विचारलं, या कोण, तर या वेळी मी नीट उत्तर देईन.